बुडालेला सराव भरून काढता येत नाही: मॅरेथॉनपूर्वीच्या अखेरच्या तीन आठवड्यांविषयी

४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनची तयारी साधारणतः सोळा ते वीस आठवडे चालते आणि तिचे शेवटचे दोन-तीन आठवडे धावणे क्रमाक्रमाने कमी करण्यासाठी राखून ठेवलेले असतात. या उतरत्या सरावाला धावपटूंच्या बोलीत ‘टेपर’ असे म्हणतात. दीर्घ धावेने स्नायूंची जी झीज होते, ती भरून निघून तिचे क्षमतेत रूपांतर होण्यास वेळ लागतो, त्यामुळे शर्यतीच्या दहा-बारा दिवस आधी केलेल्या मोठ्या धावेचा लाभ शर्यतीच्या दिवशी जवळजवळ मिळत नाही, थकवा मात्र पुरता पदरात पडतो. हे तत्त्व समजण्यास सोपे असले, तरी महिनोन्‌महिने पहाटे उठून घाम गाळण्याची सवय जडलेल्या मनाला विश्रांती ही कामचुकारी वाटते आणि बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात.

प्रस्तुत लेखकाची चूकही याच जातीची होती. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसाठी पुण्यात सराव चालू असता डिसेंबरच्या उत्तरार्धात तापामुळे त्याचे नऊ दिवस बुडाले आणि त्यातच ३२ किलोमीटरची नियोजित धाव, म्हणजे ‘लाँग रन’, राहून गेली. ती भरून काढण्यासाठी त्याने शर्यतीला अकरा दिवस उरले असता कामावरून रजा घेऊन ३४ किलोमीटर अंतर कापले. परतीच्या वाटेवर पोटरीत कळ आली, तरीही पाय ठीक आहे याची खात्री करून घेण्यासाठी दोन दिवसांनी तो पुन्हा वेगाने धावला, आणि त्यानंतर वेदनाशामक गोळ्यांच्या आधाराने शर्यतीस उभा राहिला. परतताना अखेरच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ लागतो. तेथे पोटरी इतकी आखडली की उरलेले अंतर त्याला लंगडत चालावे लागले.

या प्रसंगाचे मूळ तापात नव्हते, तर बुडालेला सराव हे फेडावयाचे देणे आहे या समजुतीत होते. आठ-दहा दिवसांच्या खंडाने महिन्यांची कमाई थोडीच घटते, परंतु आजारातून नुकत्याच उठलेल्या शरीरावर एकाच दिवशी लादलेला भार मात्र ती सगळीच धोक्यात आणतो.

सराव किती आणि कसा उतरवावा, याविषयी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाचा निष्कर्ष उपयुक्त आहे: सुमारे दोन आठवड्यांत एकूण अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करावे, पण धावण्याचे दिवस आणि वेग यांत फारसा बदल करू नये. आठवड्याला ६० किलोमीटर धावणाऱ्याने शेवटची मोठी धाव तीन आठवडे आधी संपवून पुढील दोन आठवड्यांत ४५ आणि ३५ किलोमीटरपर्यंत उतरावे, आणि शर्यतीच्या आठवड्यात शर्यत वगळता १५ ते २० किलोमीटर पुरेसे मानावे. मात्र या छोट्या धावांतही दोन-तीन किलोमीटर शर्यतीच्या वेगाने धावावेत, म्हणजे पाय जड होत नाहीत. मोकळा वेळ मिळाला म्हणून व्यायामशाळेत नवे प्रकार सुरू करणे किंवा सिंहगड चढून येणे टाळावे, कारण गड उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि त्यांचे दुखणे कित्येक दिवस रेंगाळते.

याच काळात गुडघा, टाच, पोटरी अशा जागी बारीकसारीक दुखणी जाणवू लागतात. त्यांतील बरीचशी शरीराकडे वाढलेल्या लक्षामुळे भासतात. तथापि, धावताना वाढत जाणारी, चालण्याची ढब बदलणारी किंवा हाडावर एकाच बिंदूपाशी दाबल्यास टोचणारी वेदना फिजिओथेरपिस्टला दाखवावी, आणि ती गोळ्यांनी झाकू नये, कारण आयब्युप्रोफेनसारखी औषधे निर्जलीकरणाच्या स्थितीत मूत्रपिंडांना अपाय करू शकतात.

आहाराचा विचार ग्लायकोजेनपासून सुरू होतो. स्नायूंत व यकृतात साठणारी ही साखर म्हणजे धावपटूची शिदोरी होय. शेवटचे दीड-दोन दिवस भात, बटाटा, साबुदाणा यांसारख्या पिष्टमय पदार्थांचे प्रमाण वाढवून ती भरून घेतात. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, त्यामुळे वजन किलो-दीड किलोने वाढल्याचे पाहून जेवण कमी करणे ही नवख्यांची हमखास चूक ठरते. मुंबईची शर्यत संक्रांतीच्या आसपासच येते. तिळगुळाची वडी चालते, परंतु भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी यांतील तंतुमय भाग पोट हलवतो, म्हणून शर्यतीच्या आदल्या दोन दिवसांत तो बेत टाळलेला बरा.

पुण्याच्या कोरड्या थंडीत सराव केलेल्याला मुंबईची दमट हवा जड जाते, कारण घाम सुकत नाही आणि शरीर निवत नाही. यासाठी ठरवलेला वेग आरंभापासूनच थोडा उतरवावा. याचा अर्थ प्रत्येक टेबलावर पाणी ढोसावे असा नव्हे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर, तर काही थोड्यांचे घातक पातळीपर्यंत, घटलेले आढळले आणि त्याचा संबंध अतिरिक्त द्रवपानाशी दिसून आला, म्हणून तहानेनुसार प्यावे हेच इष्ट. बिब, म्हणजे धावपटूचा क्रमांक, घेण्यासाठी भरणाऱ्या प्रदर्शनातून आणलेले नवे बूट वा मोजेही शर्यतीच्या दिवशी प्रथमच घालू नयेत.

या सर्व सूचना ऐन वेळी आठवतातच असे नाही, म्हणून त्या डोके शांत असताना लिहून ठेवणे श्रेयस्कर. प्रस्तुत लेखकाच्या वहीत आता अखेरच्या तीन आठवड्यांच्या पानाच्या माथ्यावर ‘राहिलेली धाव खोडावी, पुढे ढकलू नये’ असा नियम असतो. पुढील वर्षी घरच्या लग्नकार्यात दोन धावा राहिल्या, तेव्हा त्याने त्या निमूटपणे खोडल्या, आणि पेडर रोडचा चढ संथ गतीने का होईना, तो धावतच चढला.