देहदानाचा अर्ज भरला, पण मेंदूचं काय?

प्रश्न : माझ्या आईने गेल्या वर्षी देहदानाचा अर्ज भरला. ती ७८ वर्षांची आहे, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि तिची स्मरणशक्ती अजून लख्ख आहे. चेन्नईच्या आयआयटीने गर्भातल्या बाळाच्या मेंदूचा नकाशा तयार केल्याची बातमी तिने वाचली. तेव्हापासून ती विचारते, "माझा मेंदू अशा एखाद्या संशोधन संस्थेत जाईल काय? की पोरं शिकून झाली की फेकून देतील?" तिला काय सांगू?
– एक वाचक, पिपरी मेघे, जि. वर्धा

उत्तर : आधी सरळ उत्तर सांगतो. देहदानातला मेंदू बहुतेक वेळा वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागातच राहतो आणि विद्यार्थी त्यावर शिकतात. मेंदू संशोधन संस्थांना हवा असतो तो वेगळ्या पद्धतीने, फार लवकर काढून ठेवलेला मेंदू. आईंनी या दोन वाटा नीट समजून घ्याव्यात, कारण दोन्ही एकदम साधणं अवघड आहे.

पिपरी मेघेसारख्या गावाला एक मोठी सोय लाभली आहे. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान (१९६९) आणि सावंगी मेघेचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय (१९९०), दोन्ही ऑटोने जाण्याच्या अंतरावर आहेत. देहदानाचा देह तिथे पोचला की रक्तवाहिनीतून फॉर्मॅलिनमिश्रित द्रव आत सोडतात. त्याने प्रथिनं घट्ट बांधली जातात आणि देह कुजत नाही. मेंदूचा आकार, त्याच्या वळ्या, तळाशी असलेलं रक्तवाहिन्यांचं कडं हे सगळं टिकतं. पण पेशींच्या आतला नाजूक मजकूर, विशेषतः कोणती जनुकं त्या वेळी काम करत होती हे सांगणारे आरएनएचे रेणू, तोवर बरेच विस्कटलेले असतात. मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की त्याच्या पेशी स्वतःलाच पचवायला लागतात. वर्ध्याचा मे महिना असेल तर ही घाई आणखी वाढते.

मेंदूच्या पेढीत काय करतात ते बघा. ताजा मेंदू कवडी दह्याइतका मऊ असतो. टेबलावर ठेवला तर आपल्याच वजनाने पसरतो, सुरी लावली तर नीट काप निघत नाही. म्हणून तळाच्या मोठ्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवतात आणि फॉर्मॅलिन भरलेल्या बादलीत मेंदू उलटा टांगतात, म्हणजे तो कुठेही टेकत नाही आणि आकार बिघडत नाही. दोन-तीन आठवड्यांत तो पुरेसा घट्ट होतो. मग सेंटीमीटरभर जाडीचे काप, त्यांतल्या निवडक तुकड्यांना मेणाचं कोंदण, आणि त्यातून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ पापुद्रे. पुष्कळ ठिकाणी मेंदूचे दोन भाग करतात. एक अर्धा असा फॉर्मॅलिनमध्ये जातो, दुसरा लगेच उणे ८० अंशांच्या आसपास गोठवतात. रसायनं आणि जनुकं तपासायची असतात ती या गोठवलेल्या अर्ध्यात. तुमच्या आईंनी वाचलेल्या बातमीतला 'धरणी' हा नकाशा अशाच बारीक कापांमधून उभा राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्यात ५,१३२ काप आहेत.

भारतात मेंदूच्या पेढीचं नाव निघालं की पहिल्यांदा बंगळुरूचं निम्हान्स आठवतं. तिथली मानवी मेंदू-ऊतींची पेढी १९९५ साली डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिला मिळालेले कितीतरी मेंदू रस्त्यावरच्या अपघातांत गेलेल्या माणसांचे आहेत. शवविच्छेदन कायद्यानेच करावं लागतं, आणि त्याच वेळी नातेवाइकांना विचारलं जातं. सकाळी धडधाकट घराबाहेर पडलेला मुलगा दुपारी गेलेला, आणि शवागाराच्या दाराशी उभ्या असलेल्या वडिलांनी संशोधनासाठी होकार द्यायचा! ज्यांनी तो दिला त्यांच्यामुळे आज देशातल्या प्रयोगशाळांना निरोगी मेंदूचे नमुने मिळतात. त्या कुटुंबांविषयी मला फार आदर वाटतो.

निरोगी मेंदू हाच इथला कळीचा मुद्दा आहे. आजारी मेंदू दिला तरच उपयोग, असं पुष्कळांना वाटतं. पण कंपवात किंवा अल्झायमर झालेल्या मेंदूत काय बिघडलं हे कळायला त्याच वयाचा न बिघडलेला मेंदू शेजारी लागतो, आणि तोच दुर्मिळ असतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, हा आकडा आता पाठ्यपुस्तकांत आला आहे. तो निघाला ब्राझीलमधल्या अवघ्या चार पुरुषांच्या मेंदूंवरून. वय ५० ते ७१, चौघांनाही मेंदूचा आजार नव्हता. ऊती विरघळवून त्यांचा एकजीव द्रव केला आणि त्यातली पेशीकेंद्रकं मोजली. २००९ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. जगभरच्या पुस्तकांत गेलेला आकडा चार दात्यांच्या आधारावर उभा आहे!

तुमच्या आईंना आणखी एक हकीकत जरूर सांगा. त्या शिक्षिका होत्या म्हणून मुद्दाम. अमेरिकेत एका ख्रिस्ती संघाच्या ६७८ जोगिणींनी मरणोत्तर मेंदू संशोधनाला देण्याचं कबूल केलं. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने हा अभ्यास चालवला. त्या एकत्र राहायच्या, साधारण एकसारखं जेवायच्या, दारू-सिगारेटपासून दूर असायच्या. बऱ्याच जणी शिक्षिका होत्या. आपल्याकडे पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ साली स्थापलेलं ब्रह्मविद्या मंदिर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना असं सामूहिक, शिस्तीचं जगणं चटकन डोळ्यांपुढे येईल. राहणी सारखी असली की माणसामाणसांतला फरक नेमका कशाने पडला हे शोधणं सोपं जातं. त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या. स्मरणाच्या चाचण्यांत त्या शेवटपर्यंत उत्तम होत्या. मेंदू उघडून पाहिला तर त्यात अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या. म्हणजे खुणा होत्या, पण बाईंचं बोलणं-चालणं, आठवणं शाबूत होतं. हे कसं, याचा शोध अजून चालू आहे. याच अभ्यासात या जोगिणींनी विशी-बाविशीत लिहिलेली आत्मवृत्तंही तपासली. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी होती, त्यांच्यात म्हातारपणी स्मृतिभ्रंश कमी आढळला. एवढ्यावरून निबंध लिहिले की विसराळूपणा टळतो असं म्हणता येणार नाही; पण तरुणपण आणि म्हातारपण यांचा धागा कुठेतरी आहे हे दिसतं.

असे अभ्यास बहुतांशी परदेशी शहरांतल्या, शिकलेल्या माणसांवर झाले आहेत. आपल्या खेड्यांतल्या माणसाचा मेंदू कसा म्हातारा होतो, शाळेचं तोंड न पाहिलेल्याची स्मृती कशी मोजायची, याची माहिती तोकडी आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात खेड्यांतली, ४५ च्या पुढची दहा हजार माणसं वर्षानुवर्षं तपासत राहण्याचं काम हाती घेतलं आहे. विदर्भातही असं काम उभं राहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी मरेपर्यंत थांबायची गरज नाही. जिवंतपणी दिलेला तासभर वेळ, रक्ताचा नमुना, स्मरणाची चाचणी हेही दानच आहे.

आता निवडीचं बघू. संशोधनासाठी मेंदू वेगळा काढला तर टाळूवर केसांच्या आड, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत छेद घेतात आणि पुन्हा शिवतात. चेहऱ्याला धक्का लागत नाही, देह घरच्यांना परत मिळतो, अंत्यसंस्कार करता येतात. पण असा उघडलेला देह देहदानासाठी सहसा घेत नाहीत, कारण रक्तवाहिन्या कापल्या गेल्यावर द्रव सगळीकडे पोचत नाही. शिवाय वर्धा ते बंगळुरू हजारएक किलोमीटर, आणि मेंदूच्या पेढीचं घड्याळ तासांवर चालतं. म्हणून माझं मत असं की आईंनी भरलेला अर्ज आहे तसाच राहू द्यावा.

फेकून देण्याची भीती मात्र त्यांनी काढून टाकावी. देहदानातला मेंदू जपून ठेवला तर पुष्कळ वर्षं टिकतो. पक्षाघात कुठल्या वाहिनीत अडथळा आल्याने होतो हे पोरं प्रत्यक्ष बघतात ते अशाच मेंदूवर. शिवाय त्या वाहिन्यांची रचना माणसागणिक बदलते, आणि तिच्या मोजमापांवर शरीररचनाशास्त्राचे अध्यापक शोधनिबंध लिहितात. तेही संशोधनच. अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी विच्छेदनाला हात लावण्याआधी देहदात्यांपुढे आदराची शपथ घेतात. वापर संपलेल्या अवशेषांचं दहन किंवा दफन रीतसर होतं.

तुमच्याकडून दोन-तीन गोष्टी व्हायला हव्यात. अर्ज भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांचा होकार लागतोच, तेव्हा भावाबहिणींशी, सुनांशी आत्ताच बोलून ठेवा. अर्जाची प्रत आणि विभागाचा फोन नंबर सापडेल असा ठेवा. मृत्यूचा दाखला डॉक्टरांकडून लगेच घ्या. पोलीस केस किंवा शवविच्छेदन झालं असेल, काही संसर्गजन्य आजार असतील, तर देह नाकारला जाऊ शकतो, हे मनाशी असू द्या. आणि आईंची तयारी असेल तर नेत्रदानाचा अर्जही भरा. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, आणि त्यामुळे देहदानाला अडचण येत नाही. तोवर पंखा बंद ठेवा, पापण्या मिटवा आणि त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा.