चि. अमृतास, क्लासच्या कॅमेऱ्याविषयी

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. अमृता,


परवा राजारामपुरीत आलो तेव्हा तुझा क्लास रंगात आला होता. अमेरिकेतली पोरं भूपाचे अलंकार घोकत होती, म्हणून मध्ये बोललो नाही. पण निघताना कॅमेऱ्याच्या बुडाला हात लावून पाहिला, तर चांगलाच तापला होता. पहाटेच्या बॅचा सलग, रात्री पुन्हा बॅचा, आणि तेवढा सगळा वेळ भाऊजींनी हौसेनं घेऊन दिलेला कॅननचा पंधराशे डी चालूच! सगळा जन्म स्टुडिओत गेला माझा, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला आणि त्यावर 1920 साली ‘सैरंध्री’ चित्रपट काढला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे ते त्यांच्याच आठवणीचं. यंत्राच्या पोटात काय चाललंय हे समजून घ्यायची आपल्या गावची रीत आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो.

डीएसएलआर मुळात फोटोसाठी बनवलेला. एरवी आरसा खाली, शटर मिटलेलं, आणि सेन्सरला काम क्लिकपुरतं. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे थेट चित्र, लावला की आरसा वर उचलून धरलेला राहतो, शटर उघडं राहतं आणि सेन्सर, प्रोसेसर दोघेही अखंड राबतात. आत पंखा नाही. उष्णता जायची ती बॉडीतूनच, आणि ही बॉडी प्लास्टिकची. सेन्सर सहा-आठ अंशांनी जास्त तापला की प्रकाश नसतानाही त्यात उमटणारा खोटा सिग्नल जवळजवळ दुप्पट होतो. मग चित्रात दाणे येतात, काळ्या भागात लाल-निळे ठिपके चमकतात. चैत्र-वैशाखात दुपारची बॅच घेशील तेव्हा हे लवकर होईल.

कॅमेरा इशारा देतो बरं. आधी पांढरी तापमापी दाखवतो, मग लाल. लाल आली की थोड्या वेळात लाइव्ह व्ह्यू आपणहून बंद होणार. पण हे चिन्ह येतं मागच्या पडद्यावर. तुझ्या कॅमेऱ्याचा पडदा वळत नाही आणि तू बसतेस समोर! म्हणजे इशारा भिंतीला दिसतो, तुला नाही. म्हणून प्रत्येक बॅचनंतर उठून मागून बघ, आणि पंधरा-वीस मिनिटं तो पूर्ण बंद ठेव. मुलांना पाणी प्यायला सोडतेसच ना, तेव्हाच कर.

कोणीतरी तुला सांगितलंय की कॅमेरा अर्ध्या तासापलीकडे चालवला की जळतो, म्हणून कंपनी रेकॉर्डिंग 29 मिनिटं 59 सेकंदांवर तोडते. ते खरं नाही. तीस मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणारा कॅमेरा युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरला जाई आणि त्यावर जादा आयातशुल्क लागे, म्हणून ती मर्यादा आली. तेव्हा घाबरू नकोस. पण मर्यादेचं कारण कर होता, म्हणून उष्णता खोटी ठरत नाही.

मला जास्त काळजी आहे ती वीजपुरवठ्याची. मूळ बॅटरी अशा कामात फार वेळ टिकत नाही, म्हणून तू अडॅप्टरवर चालणारी ती स्वस्तातली डमी बॅटरी घातलीस. या कॅमेऱ्याला साधारण साडेसात व्होल्ट लागतात. हलक्या अडॅप्टरनं त्यात वरखाली केलं तर फटका सरळ बोर्डाला बसतो, आणि बोर्ड गेला की दुरुस्तीपेक्षा जुना कॅमेरा स्वस्त पडतो. वळवाच्या पावसात लाइट कशी जाते-येते ते तुला माहीतच आहे. त्याऐवजी कंपनीचाच डीसी कपलर घे आणि तो यूपीएसवर लाव. साधी बॅटरी घालून चालवलीस आणि ती गरम होऊन फुगली, कप्प्यात अडकली, तर पकडीनं ओढू नकोस. तशीच माझ्याकडे घेऊन ये.

दुसरं, कॅमेऱ्यातून लॅपटॉपला जाणारी ती केबल. तिचं कॅमेऱ्यातलं तोंड नाजूक, आणि तुझी केबल टेबलावरून लोंबत होती. कोणाचा पाय अडकला की ट्रायपॉडसकट सगळं खाली. केबल ट्रायपॉडच्या पायाला पट्टीनं बांध, थोडी ढिली सोड, म्हणजे ताण तोंडावर येणार नाही. तू एका जागी बसतेस, तेव्हा फोकस एकदा लावून मॅन्युअल कर. नाहीतर लेन्सची मोटर उगाच चाचपडत राहते आणि तिची घरघर तानपुऱ्यात मिसळते. पूर्वेच्या खिडकीचा पडदाही ओढत जा. उगवतीचं ऊन सरळ लेन्समध्ये शिरलं तर सेन्सर भाजू शकतो.

आता माझं स्पष्ट मत सांगतो, राग मानू नकोस. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये वेबकॅम मिळेनात, तेव्हा कॅनननं एप्रिलमध्ये आणि नंतर निकॉन, सोनीनं कॅमेरा वेबकॅमसारखा वापरायचं सॉफ्टवेअर काढलं. ती अडचणीची सोय होती, आणि छान होती. पण कॅननच्या मोफत आवृत्तीतून 720 रेषांचंच चित्र जातं, आणि ते मुलांना दिसतं तळहाताएवढ्या चौकोनात. गाणं शिकायला त्यांना तुझा आवाज हवा. रोजच्या क्लासला चांगला वेबकॅम घे, उरलेले पैसे माइकला घाल. पंधराशे डी राहू दे मुलांच्या वार्षिक कार्यक्रमाला आणि तुझ्या रेकॉर्डिंगला. तिथे तो खरा शोभतो.

रविवारी दुपारी येतो. ती डमी बॅटरी आणि तिचा अडॅप्टर काढून ठेव, मल्टिमीटर लावून बघू. तोवर एका वेळी एकच बॅच कॅमेऱ्यावर घे, बाकीच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चालव.

तुझा,
मामा