ग्रीस कुठं ठासायचं, कुठं नाही

पोरी, डायव्हिंगचा जुना स्कूबाप्रो एमके-१० रेग्युलेटर घरी खोलणार म्हणतेस, तर खोल. ग्रीसबद्दल मात्र आधी ऐकून घे. या यंत्रात ग्रीस ठासून भरायची जागा एकच. बाकी सगळीकडे ते असून नसल्यासारखं लागतं. नवशिक्यांचा गोंधळ नेमका इथं होतो: जिथं भरायचं तिथं हात आखडतात, आणि जिथं नको तिथं थापतात.

ही जागा म्हणजे फर्स्ट स्टेजच्या, टाकीवर बसणाऱ्या भागाच्या, पोटातली स्प्रिंगची खोली. तिला बाहेरून भोकं असतात, कारण आपण किती खोल आहोत ते पिस्टनला पाण्याच्या दाबावरूनच कळतं. टाकीतली दोनशे बारची हवा नऊ-दहा बारवर, म्हणजे मधल्या दाबावर, उतरते तेव्हा फैलावते आणि एकदम गार पडते. आपल्या तारकर्लीच्या कोमट समुद्रात त्यानं काही बिघडत नाही. पण कॅनडातल्या टोबरमोरीला १८८४ साली बुडालेलं ‘अरेबिया’ जहाज बघायला जाशील, तर तेहतीस मीटरवर ह्युरॉन सरोवराचं पाणी भर उन्हाळ्यातही चार-पाच अंशांवर असू शकतं. तिथं स्प्रिंगच्या वेढ्यांत बर्फ धरतो, पिस्टन उघडाच अडकतो आणि तोंडातून हवेचा लोट सुटतो. टाकी रिकामी व्हायला मग काही मिनिटं पुरतात. ग्रीसचं काम एवढंच, की पाण्याला त्या खोलीत शिरू द्यायचं नाही आणि दाब मात्र पिस्टनपर्यंत पोचवायचा.

म्हणून भरायचं तर गच्च. आत हवेचा फुगा राहिला की खाली गेल्यावर तो आकसतो आणि त्याच्या जागी पाणी ओढलं जातं. मग ग्रीस भरून न भरल्यासारखंच. आधी स्प्रिंगच्या वेढ्यांत बोटानं दाबून भर, जोडणी कर, मग सुई नसलेल्या सिरिंजनं एका भोकातून सावकाश सोड. समोरच्या भोकांतून बुडबुडा नसलेली सलग वळी बाहेर येईपर्यंत थांबू नकोस. बाहेरचं पुसून वर रबरी बूट, म्हणजे भोकांवरचं आवरण, चढव. बूट फाटका असेल तर आधी नवा आण. त्याच्याशिवाय भरलेलं ग्रीस पाण्यात धुपून जातं.

खोलताना स्प्रिंगबरोबरच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, जपून ठेव. मधला दाब त्यांच्यावरून ठरतो आणि जुन्या ग्रीसला चिकटून त्या हमखास कचऱ्याच्या डब्यात जातात. पुसलेला प्रत्येक कागद टाकण्याआधी उलगडून बघ. जुन्या ग्रीसमध्ये वाळू असते, त्यामुळे ते पिस्टनवर पॉलिश पेपरसारखं घासतं. वरवर नवं भरून भागत नाही, जुनं पूर्ण काढावंच लागतं. आधी कोरडं पुस, मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. व्हिनेगरचं पाणी क्षार काढायला, तेही थोडाच वेळ. फार बुडवून ठेवलंस तर क्रोमचा मुलामा उडतो.

आता बाकीच्या जागा. ओ-रिंगला ग्रीस इतकंच, की ती चमकावी. बोटाला लागलं तर जास्त झालं म्हणून समज. ओ-रिंग काढायला पितळेची किंवा प्लास्टिकची काडी घे, टाचणी नको. खाचेत पडलेला ओरखडा दिसत नाही, गळत राहतो. सीटला आणि पिस्टनच्या धारेला मात्र काहीही लावायचं नाही, धारेला बोटसुद्धा नको. पिस्टन आत सरकवताना ती धार हाय-प्रेशरची ओ-रिंग कापू शकते, म्हणून धारेवर चढवायला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं टोपण मिळतं, ते वापर.

व्हॅसलीन तर या टेबलावर आणूच नकोस. काही रबरं त्यानं फुगतात, आणि भरपूर ऑक्सिजनपाशी पेट्रोलियमचा कुठलाही चिकट पदार्थ म्हणजे आगीला आमंत्रण. सिलिकॉन ग्रीस पाण्याच्या बाजूच्या खोलीत चालतं, साध्या हवेच्या टाकीसाठी. पण सेकंड स्टेजचा, म्हणजे तोंडाकडच्या भागाचा, पडदा स्वतःच सिलिकॉनचा असेल तर हेच ग्रीस त्याला फुगवतं. त्याला कोरडाच राहू दे. चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनचं मिश्रण घेणार असशील तर सिलिकॉन घरात ठेवूच नकोस. क्रिस्टो-ल्यूब किंवा ट्रायबोल्यूब घे. खोली भरायची म्हटलं की खिसा रिकामा होतो खरा, पण तिथं काटकसर कसली? हे महाग ग्रीस साबणानं विरघळत नाही, पुसूनच काढावं लागतं, हेही लक्षात ठेव.

हे सगळं जुन्या, भोकांच्या पिस्टनवाल्या यंत्रांसाठी. पुढं बाहेरून पडद्यानं बंद केलेला, कोरड्या खोलीचा रेग्युलेटर घेतलास तर त्यात ग्रीस कोंबायला जाऊ नकोस. ती खोली मुद्दाम कोरडी ठेवलेली असते. आणि सुट्टीत मालवणला किंवा गोव्याला डुबक्या मारायच्या असतील तर खोली रिकामी असलेली बरी. रोज गोड्या पाण्यानं धू, डस्ट कॅप लावून, पर्जचं, म्हणजे हवा सोडायचं, बटण न दाबता. भरलेली असली तर बूटच्या कडेला रेती चिकटते आणि फुकटचा चिखल होतो.

जोडल्यावर मधल्या दाबाचं गेज लाव. काटा चटकन एका आकड्यावर थांबला पाहिजे आणि तिथंच राहिला पाहिजे. हळूहळू वर सरकत असेल तर सीट किंवा धार बिघडली आहे, ग्रीसनं ती भरून निघणार नाही. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेतूनच घे, माझ्या तोंडून नको. बूटच्या कडेतून ग्रीस आपोआप बाहेर येत असेल तर आतली ओ-रिंग हवा सोडते आहे. तो रेग्युलेटर परत खोल. पहिली डुबकी तलावात, मग किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, सोबत्याला आधी सांगून. थंड पाण्यात उतरण्यापूर्वी काठावर उगाच पर्ज दाबत बसू नकोस, आणि जॅकेटमध्ये हवा भरताना श्वास घेऊ नकोस. हवा भरणं आणि श्वास घेणं एकाच वेळी केलंस तर हवेचा ओघ वाढतो आणि यंत्र आणखी गार पडतं.