चौथ्या दिवशी बरं वाटलं, म्हणून…

निफाड तालुक्यातला एक द्राक्षबागायतदार, पंचेचाळिशीचा. रात्री दोनला पोटात आग पडून उठायचा. दोन बिस्किटं खाल्ली की तासभर डोळा लागायचा. नाशिकला दुर्बिणीची तपासणी झाली, अल्सर दिसला आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला. डॉक्टरांनी १४ दिवसांचा कोर्स लिहून दिला. तीन महिन्यांनी आग पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्याच्या पिशवीतून अर्ध्या उरलेल्या स्ट्रिपा निघाल्या. “चौथ्या दिवशीच बरं वाटलं, डॉक्टर. मग गरम औषधं उगाच कशाला?”

या एका समजुतीपायी कितीतरी कोर्स वाया जातात. चौथ्या दिवशी जे बरं वाटतं, ते आम्ल कमी करणाऱ्या गोळीमुळे. जंतू तेव्हा जिवंतच असतो. जठराच्या चिकट थरात शिरून तो स्वतःभोवती अमोनिया तयार करतो आणि आम्लातही तग धरतो. अर्धवट औषधांत त्यातले चिवट जंतू उरतात, आणि पुढच्या खेपेला तेच औषध त्यांच्यावर चालत नाही.

मिसळीच्या तर्रीला दोष देणारेही पुष्कळ. तर्रीनं जळजळ वाढते, पण अल्सर होतो तो मुख्यतः या जंतूमुळे किंवा मनानं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि जठराला सूज आणवली. २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं.

आम्लाची गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन हा तिहेरी उपचार एके काळी हुकमी होता. आता तसा भरवसा राहिलेला नाही. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारा हा जंतू जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ च्या चिंताजनक जंतूंच्या यादीत घातला. आपल्याकडे खोकला आला की अ‍ॅझिथ्रोमायसिन, जुलाब झाले की मेट्रोनिडाझोल, तेही चिठ्ठीशिवाय! अ‍ॅझिथ्रोमायसिन तर क्लॅरिथ्रोमायसिनचंच भावंड. म्हणून गेल्या काही वर्षांत कोणती अँटिबायोटिक्स घेतली, हे डॉक्टरांना आठवून सांगा. मोबाईलवर वाचलेल्या ओव्याच्या काढ्यानं हा जंतू मरत नाही.

घाबरू मात्र नका. हा जंतू असलेल्या बहुतेकांना कधीच अल्सर होत नाही, आणि पहिला कोर्स फसला तरी दुसरा असतो. त्या बागायतदाराला बिस्मथ असलेली चार औषधं १४ दिवसांसाठी दिली. तिसऱ्या दिवशी जीभ काळी पडली म्हणून त्यानं घाबरून फोन केला. बिस्मथनं जीभ आणि शौच काळी होते. औषध थांबलं की रंग जातो. त्यानं कोर्स पुरा केला. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू वर्ज्य, आणि नाशिककरांनो, वाइनही दारूच.

जंतू गेला की नाही, हे पोटाला विचारून कळत नाही. अँटिबायोटिक्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करावी लागते. त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवायची. रक्ताची चाचणी इथे कामाची नाही, जंतू गेल्यावरही ती पॉझिटिव्ह येत राहते.

वजन उतरणं, घास अडकणं, सतत उलट्या, हिमोग्लोबिन घसरणं यांपैकी काहीही असलं तर लवकर दाखवा. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची उलटी, जोडीला चक्कर आणि घाम, असं झालं तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.