हृदयाची उपासमार

मुलांनो, आपल्या हाताची मूठ आवळून पाहा. जवळजवळ तेवढ्याच आकाराचे हृदय तुमच्या छातीत, किंचित डावीकडे, या क्षणी काम करीत आहे. उर्दूत आपण त्याला दिल म्हणतो. मराठीत हृदय आणि काळीज असे दोन शब्द आहेत. मराठी कवी काळीज म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा हृदय असते; खाटकाच्या दुकानात मात्र काळीज म्हणजे कलेजी! म्हणून या पाठात आपण हृदय हाच शब्द घेऊ.

हृदय एका मिनिटात सुमारे ७२ वेळा आकुंचन पावते. हिशेब करा, दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात. त्याचे चारही कप्पे रक्ताने भरलेले असतात. असे असूनही रक्त न मिळाल्यामुळे हृदयाचा स्नायू मरू शकतो. दर्याकाठी राहणारा माणूस तहानेने मरावा, तसेच हे झाले. हे कसे घडते?

हृदयाची भिंत जाड असते. आतल्या कप्प्यांतील रक्त तिच्यात झिरपून सर्व थरांपर्यंत पोहोचत नाही. हृदय शरीराला रक्त पुरवते, पण स्वतःसाठी लागणारे रक्त त्याला वेगळ्या वाटेने घ्यावे लागते. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला अगदी सुरुवातीलाच दोन बारीक फांद्या फुटतात. त्या हृदयाच्या बाहेरून पसरतात आणि तिथून भिंतीत शिरतात. यांना हृदयधमन्या म्हणतात. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात धमनीला शिरयान हा शब्द आहे, तो आठवा.

ही गोष्ट तेराव्या शतकात एका हकिमाने लिहून ठेवली होती. त्याचे नाव इब्न अल-नफीस. तो दमास्कसजवळ जन्मला आणि कैरोत १२८८ साली वारला. थोर हकीम इब्न सीना यांच्या ग्रंथावर टीका लिहिताना त्याने आदराने, पण स्पष्टपणे सांगितले की, उजव्या कप्प्यातील रक्त हृदयाचे पोषण करते हे मत बरोबर नाही. हृदयाच्या अंगात शिरलेल्या वाहिन्यांतील रक्त त्याचे पोषण करते. हे लिखाण शतकानुशतके दुर्लक्षित राहिले. १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात त्याची हस्तलिखित प्रत सापडली, तेव्हा जगाला त्याचे महत्त्व कळले.

आता रोगाकडे वळू. हृदयधमनीच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. नळाच्या पाइपात क्षार साचतात असे आपण सोपे करून म्हणतो. पण खरे तर हा थर धमनीच्या अस्तराच्या आत वाढतो. वाट अरुंद होते. माणूस बसलेला असतो तेव्हा पुरेसे रक्त मिळते. जिना चढला, ओझे उचलले की हृदयाची गरज वाढते आणि रक्त कमी पडते. छातीत दाब आल्यासारखे दुखते, थांबले की कमी होते. रक्त असे अपुरे पडण्याला डॉक्टर इस्केमिया म्हणतात. एखाद्या दिवशी त्या थरावरचे पातळ आवरण फाटते. शरीराला वाटते, जखम झाली. तिथे रक्ताची गुठळी जमते आणि वाट पूर्ण बंद होते. हाच हृदयविकाराचा झटका.

सिनेमात नायकाचे वडील छातीवर हात ठेवतात, दोन वाक्ये बोलतात आणि कोसळतात. प्रत्यक्षात नेहमी असे घडत नाही. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१२ साली दाखवून दिले की, धमनी अचानक बंद झाली तरी रोगी लगेच मरतोच असे नाही. तो काही तास, काही दिवस किंवा अनेक वर्षेही जगू शकतो. त्या वेळी त्यांच्या निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पण पुढचे सारे उपचार त्यांच्या याच म्हणण्यावर उभे आहेत. रोगी लगेच मरत नसेल, तर मधल्या वेळात काहीतरी करता येईल!

हा मधला वेळ किती असतो? अमेरिकेतील रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १९७७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी हृदयाची एक धमनी बांधली आणि वेगवेगळ्या वेळांनी सोडली. चाळीस मिनिटांनी सोडली तेव्हा स्नायूचा सर्वांत आतला थर मेलेला होता, पण बाहेरचा बराच भाग वाचला. तीन तासांनी कमी वाचला, सहा तासांनी आणखी कमी. मरण आतून बाहेर सरकत होते. ओल्या भिंतीवर पाणी हळूहळू वर चढते, तसे. स्नायू एकदम मरत नाही, म्हणजे प्रत्येक वाचलेल्या मिनिटाबरोबर थोडा स्नायू वाचतो.

आणि नेमकी हीच मिनिटे घरात वाया जातात. पहाटे दादाजान उठून बसतात. छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखे वाटते, डावा हात किंवा जबडा दुखतो, दरदरून घाम येतो. कोणी म्हणते, "गॅस झाला असेल, सोडा द्या." कोणी पाठ चोळते. कोणी म्हणते, "उजाडू द्या, मग बघू." मधुमेह असलेल्या माणसाला आणि पुष्कळदा स्त्रियांना छातीत फारसे दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. अशा वेळी घरातल्या शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने १०८ हा क्रमांक फिरवला, तर त्याला कोणी आगाऊ म्हणणार नाही. म्हटले तरी चालेल. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका मोफत मिळते.

दवाखान्यात डॉक्टर प्रथम ईसीजी काढतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सूक्ष्म वीज निर्माण होते. तिची रेषा कागदावर उमटते. हॉलंडमधील विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे यंत्र बनवले. ते अडीचशे किलोंहून जड होते आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. १९२४ साली आइंटहोवेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच काम हातात मावणारे यंत्र करते. रेषेत विशिष्ट उंचवटा दिसला, तर डॉक्टर दुसऱ्या कशासाठीही थांबत नाहीत, उपचार सुरू करतात.

पण झटका येऊनही पहिला ईसीजी साधाच दिसला, तर? मग रक्ताला विचारावे लागते.

स्नायूची पेशी मरते तेव्हा तिचे आवरण फुटते आणि आतील पदार्थ रक्तात मिसळतात. रक्तात ते सापडले की दूर कुठेतरी पेशी मेल्याचे कळते. १९५४ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी असा पहिला पदार्थ शोधला. झटक्यानंतर रक्तात तो वाढे. पण हा निरोप्या फारसा विश्वासू नव्हता. यकृताला सूज आली तरी तो वाढे. मग दुसरा पदार्थ आला, त्याचे नाव सीके. तो स्नायूंतच अधिक असतो हे खरे, पण सर्वच स्नायूंत असतो. जोरात कबड्डी खेळून आलेल्या मुलाच्या रक्तातही तो वाढलेला दिसतो. दंडात सुई टोचली तरी वाढतो!

हृदयाचा स्वतःचा असा निरोप्या हवा होता. तो सापडला तो जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांच्या कामामुळे. गंमत अशी की एबाशी हृदयविकारावर काम करीतच नव्हते. स्नायू आकुंचन कसा पावतो, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. १९६० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी स्नायूतील एक प्रथिन शोधले आणि त्याला ट्रोपोनिन नाव दिले. पुढे लक्षात आले की ट्रोपोनिनचे काही भाग हृदयाच्या स्नायूत हातापायांच्या स्नायूंपेक्षा निराळ्या घडणीचे असतात. १९८९ साली जर्मनीतील ह्यूगो काटुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयातील ट्रोपोनिन रक्तात मोजण्याची चाचणी प्रसिद्ध केली. २००० साली युरोप आणि अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांनी मिळून झटक्याची नवी व्याख्या केली, तिच्यात ट्रोपोनिनला मुख्य जागा मिळाली. "याचा उपयोग काय?" असे विचारून कोणी एबाशींना थांबवले असते, तर ही चाचणी कधी आली असती कोण जाणे.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ट्रोपोनिन रक्तात यायला वेळ लागतो. जुन्या चाचणीत तो तीन-चार तासांनी दिसे. नव्या, अधिक नाजूक चाचणीत लवकर दिसतो. म्हणून डॉक्टर एकदा रक्त घेतात आणि एक ते तीन तासांनी पुन्हा घेतात. आकडा चढतो आहे का, हे त्यांना पाहायचे असते. "एकदा रक्त घेतले, पुन्हा कशाला?" असे म्हणून भांडणारे नातेवाईक आपण पाहतो. त्यांना हे समजावून सांगण्याइतके मराठी तुम्हांला आता येते. मूत्रपिंडाच्या रोगात किंवा हृदयाला सूज आली तरीही ट्रोपोनिन वाढतो, म्हणून नुसता आकडा पुरत नाही. रोग्याची कहाणी ऐकावीच लागते.

रोग कळला. आता गुठळीचे काय करायचे? १९३३ साली अमेरिकेत विल्यम टिलेट यांना आढळले की, घसा दुखवणाऱ्या एका जातीच्या जंतूपासून निघणारा पदार्थ रक्ताची गुठळी विरघळवतो. त्याला स्ट्रेप्टोकायनेज म्हणतात. शत्रूच्या हातची तलवार आपल्या कामी आली! पण झटक्यात ती खरोखर जीव वाचवते का? इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथून एक मोठा प्रयोग झाला. त्यात ४१७ रुग्णालयांतील १७,१८७ रोगी होते. काहींना स्ट्रेप्टोकायनेज, काहींना अ‍ॅस्पिरिनची साधी गोळी, काहींना दोन्ही, तर काहींना औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले काहीतरी दिले. कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. १९८८ साली निकाल आला. यांपैकी काहीच न मिळालेल्या दर १०० रोग्यांपैकी पाच आठवड्यांत सुमारे १३ जण वारले. दोन्ही औषधे मिळालेल्यांत सुमारे ८. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या, डोकेदुखीच्या त्या स्वस्त गोळीचाही यात मोठा वाटा होता. रक्तपट्टिकांना एकमेकींना चिकटू न देणे हे तिचे काम. (ती कोणी घ्यावी हे डॉक्टरच ठरवतात. काहींना तिने रक्तस्राव होतो.)

या प्रयोगातला एक किस्सा मला फार आवडतो. नियतकालिकाच्या संपादकांनी आग्रह धरला की, रोग्यांचे लहान लहान गट पाडून कोणाला किती फायदा झाला तेही सांगा. संशोधकांना हे धोक्याचे वाटत होते. त्यांनी गट पाडून दाखवले, पण त्यांत जन्मराशींचेही गट घातले. आकडे म्हणाले की, मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा काही उपयोग नाही! अर्थात हा निव्वळ योगायोग होता. लहान गट पाडत गेले की आकडे काहीही बोलू लागतात, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. एखादी बातमी "अमुक खाल्ल्याने हृदयविकार टळतो" असे सांगते, तेव्हा मला मिथुन आणि तूळ आठवतात.

दरम्यान गुठळीपर्यंत थेट पोहोचण्याची वाटही सापडली. जर्मनीत जन्मलेले आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी आपल्या घरातील स्वयंपाकाच्या टेबलावर बारीक नळ्यांना छोटे फुगे बसवून पाहिले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये त्यांनी असा फुगा एका रोग्याच्या हृदयधमनीत नेऊन फुगवला आणि अरुंद वाट रुंद केली. हीच अँजिओप्लास्टी. आता फुग्याबरोबर जाळीची नळीही बसवतात. झटक्यात ही सोय वेळेत मिळाली तर ती सर्वांत चांगली. ती दूर असेल, तर गुठळी विरघळवणारे औषध आधी देतात.

आपल्यासाठी चिंतेची बाब वेगळीच आहे. केरळात जन्मलेले डॉक्टर सलीम यूसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत पाहणी झाली. तिचे पहिले निष्कर्ष २००४ साली आले. भारत, पाकिस्तान आणि शेजारच्या देशांतील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतील लोकांना जवळजवळ ५९ व्या वर्षी, असे तिच्यातून पुढे दिसले. तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव ही ओळखीचीच कारणे बहुतेक झटक्यांच्या मुळाशी होती. आपल्याकडे ती लवकर सुरू होतात. तंबाखू चघळली तर चालते असे समजणाऱ्यांनाही त्या पाहणीने धोका दाखवला आहे.

मेलेल्या स्नायूचे पुढे काय होते? त्या जागी व्रण तयार होतो. तो भिंत सांधतो, पण आकुंचन पावत नाही. माणसाच्या हृदयात नव्या स्नायूपेशी जन्मतात, परंतु फारच थोड्या. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली मोजले, तेव्हा पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी बदलतात आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी, असे दिसले. एवढ्याने व्रण भरून निघत नाही. मूळपेशी टोचून पाहण्याचे प्रयोग बरेच झाले, पण सुरुवातीला वाटली होती तेवढी आशा त्यांनी पुरी केलेली नाही.

म्हणून काही प्रयोगशाळांचे लक्ष आता एका लहानशा माशाकडे लागले आहे. गंगेच्या खोऱ्यातील ओढ्यांत आणि भातशेतांत राहणारा हा मासा बोटाच्या दोन पेरांएवढा असतो. अंगावर निळे पट्टे असतात, म्हणून त्याला झेब्राफिश म्हणतात. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी त्याच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा सुमारे पाचवा भाग कापून काढला आणि माशाला पुन्हा पाण्यात सोडले. दोन महिन्यांनी पाहिले, तर व्रण जवळजवळ नव्हता. तिथे नवा स्नायू आला होता आणि तो ठोके देत होता.