एकाच मातेची लेकरे : बी साठविणाऱ्या मुंग्यांचे पालन व अभ्यास

आपल्या शाळेच्या विज्ञानकक्षात खिडकीपासून थोड्या अंतरावर काचेची एक पेटी ठेवलेली आहे. तीत मुंग्यांची वसाहत नांदते. ती पाहताना एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "पुस्तकात कामकरी मुंग्यांच्या 'जाती' लिहिल्या आहेत. मग जात निसर्गानेच केली आहे का?" प्रश्न लहान होता, परंतु या शाळेत तो टाळून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटले नाही. त्याचे उत्तर मुंग्यांकडूनच मिळवावे, असे आम्ही ठरविले.

आम्ही पाळलेली मुंगी 'फायडोले' या वंशातील आहे. तिच्या वसाहतीत दोन घडणींच्या कामकरी मुंग्या आढळतात. बहुसंख्य मुंग्या बारीक असतात. थोड्यांचे डोके मात्र शरीराच्या मानाने फारच मोठे असते. त्या डोक्यात जबड्याचे बळकट स्नायू असल्यामुळे टणक बी फोडणे त्यांना साधते. दोन्ही घडणींच्या कामकरी माद्याच होत. राणी हे नाव दिले असले, तरी ती कोणावर हुकूम चालवीत नाही. अंडी घालणे हेच तिचे काम.

या वंशाच्या एका मुंगीचा पुण्याशी जुना संबंध आहे. १८२९ साली कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना तेथील पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग दिसले. पावसाने कोठारातील बी भिजले होते आणि ऊन पडताच शेकडो मुंग्या ते वाळविण्यासाठी वर आणीत होत्या. साइक्स यांनी तिला 'प्रोव्हिडेन्स', म्हणजे पुढची तरतूद करणारी, असे नाव दिले. शेतात राबणाऱ्यांच्या नजरेस ही गोष्ट त्यापूर्वीच पडली असणार. शास्त्राच्या ग्रंथात मात्र ती अशी नोंदली गेली.

पालनासाठी वारूळ खणू नये. पावसाळ्याच्या आरंभी पंख असलेल्या राण्या बाहेर उडतात, मीलनानंतर जमिनीवर उतरून पंख गाळतात व बिळासाठी जागा शोधतात. अशी एकच राणी आम्ही उचलली. काचेच्या नळीत तळाशी पाणी घेऊन त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसविला, राणीला आत सोडले, तोंडाशी दुसरा बोळा लावला आणि नळी अंधारात ठेवली. या काळात तिला अन्न लागत नाही. शरीरातील चरबी आणि आता निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू यांवर ती पहिली पिढी वाढविते. सुमारे महिनाभराने बारीक कामकरी बाहेर आल्या, तेव्हा आम्ही नळी पेटीत ठेवली. घरात गुळाचा डबा मुंग्यांपासून वाचविण्यासाठी परातीत पाणी घालून त्यात ठेवतात; आम्ही मुंग्यांची पेटीच तशी ठेवली.

खाण्यास राळा, राजगिरा, खसखस व गवताचे बी दिले. पेरणीचे बियाणे देऊ नये. त्यास औषध चोळलेले असते. केवळ बियांवर भागत नाही. अळ्यांच्या वाढीसाठी प्रथिने लागतात; म्हणून मेलेली माशी किंवा नाकतोड्याचा तुकडा आठवड्यातून दोनदा देत असू. एकदा आमच्या हातून पाणी अधिक पडले आणि बियांचा साठा ओला झाला. आम्ही साफसफाईच्या तयारीत असतानाच, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांनी सारे बी पेटीच्या कोरड्या बाजूस आणून पसरले होते. साइक्स यांनी जे पाहिले, ते आमच्या मुलांनी पाहिले.

काही आठवड्यांनी मोठ्या डोक्याची पहिली मुंगी दिसली आणि मूळ प्रश्न पुन्हा उभा राहिला. ही कोठून आली? पेटीत राणी एकच होती. बारीक मुंगी आणि ही मुंगी एकाच मातेच्या लेकी होत्या. या वंशातील मुंग्यांवर झालेल्या प्रयोगांतून असे दिसले आहे की अळीच्या अवस्थेत मिळणारा आहार आणि त्यानुसार शरीरात काम करणारे संप्रेरक यांवर तिची घडण ठरते. मोठ्या डोक्याच्या मुंगीच्या पोटी मोठ्या डोक्याची मुंगी जन्मत नाही. तेथे वंशपरंपरेने चालत आलेले काम नाही आणि काम पाहून कोणाचा स्पर्श टाळणेही नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केली. एरवी मोठ्या डोक्याच्या मुंग्या अळ्यांच्या संगोपनाकडे फारशा वळत नाहीत. विल्सन यांनी बारीक मुंग्यांची संख्या खूप घटविली, तेव्हा तासाभरातच या मुंग्या अळ्यांची देखभाल करू लागल्या. गरज पडताच कामाची वाटणी बदलली.

तेव्हा त्या विद्यार्थिनीस आमचे उत्तर असे : शास्त्रज्ञ या घडणींना 'कास्ट' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज भाषेतून इंग्रजीत आला, भारतीय समाजाच्या वर्णनासाठी रूढ झाला आणि पुढे कीटकांना चिकटविला गेला. माणसांचा शब्द मुंग्यांवर लादावयाचा आणि मग मुंग्यांचा दाखला देऊन माणसांतील व्यवस्था नैसर्गिक ठरवावयाची, हा तर्क वर्तुळात फिरतो. म्हणून आमच्या नोंदवहीत आम्ही 'जात' खोडून 'घडण' लिहितो.

मात्र मुंग्यांना आदर्श मानण्याचेही कारण नाही. कोशातून बाहेर पडलेल्या मुंगीचे डोके पुन्हा वाढत नाही. अळीपणी जे मिळाले नाही, ते तिला पुढे कधीच मिळत नाही. माणसाचे तसे नाही. ज्याच्या वाट्यास बालपणी पोटभर अन्न आणि पुस्तक आले नाही, तो पुढेही शिकू शकतो. वसतिगृहाची शाळा याच विश्वासावर उभी असते.

शेवटी पाळणाऱ्याच्या जबाबदारीविषयी. राणी अनेक वर्षे जगू शकते. म्हणून उन्हाळी सुटीत पाणी कोण घालणार, हे आधी ठरवावे आणि मगच नळी हाती घ्यावी. परदेशी मुंग्या आणू नयेत, आणि पालन थांबवावयाचे झाल्यास वसाहत जेथील, तेथेच सोडावी. प्राणिमात्राला इजा न करण्याचे शील आपण रोज म्हणतो. त्याची परीक्षा अशा लहान पेटीपाशीच होते.