संगणकाची शाकारणी



मृग लागण्याआधी घर शाकारून घ्यावे, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. कौल फुटलेले असो की पत्र्याला भोक पडलेले असो, पाऊस कोसळू लागल्यावर छपरावर चढून उपयोग नसतो. घरातल्या संगणकाचेही तसेच आहे. या अंकात तेवढा एकच धडा घेऊ.

मी धामणगाव बढ्याचा. गावातल्या आणि वस्त्यांवरच्या मुलांना संगणक शिकवताना एक गोष्ट नेहमी पाहतो. वस्तीवर ज्याच्या घरी संगणक असतो, त्याचा तो एकट्याचा राहत नाही. शेजारच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज तिथेच भरला जातो. कुणाचा जातीचा दाखला, कुणाचे जात वैधता प्रमाणपत्र, कुणाच्या वनहक्क दाव्याचे कागद, कुणाचे बँक पासबुक, सगळे त्याच संगणकात येऊन बसते. आणि तीच मुले मला हमखास विचारतात, "सर, ते अपडेट करा, अपडेट करा असे सारखे येते. ते बंद कसे करायचे?"

बंद का करायचे नाही, ते आधी समजून घेऊ.

संगणक सुरू केल्यावर जी मुख्य व्यवस्था सगळा कारभार पाहते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती विंडोज असते. ती माणसांनीच लिहिलेली आहे, त्यामुळे तिच्यात चुका राहतात. त्यांतल्या काही चुका म्हणजे चोराला आत शिरण्याची वाटच. अशी वाट सापडली की कंपनी ती बुजवणारा छोटा तुकडा पाठवते. त्याला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. गोधडीला लावतो तसेच.

आता नीट लक्ष द्या. ठिगळ जाहीर झाले की भोक कुठे होते, हे चोरालाही कळते. तो ते ठिगळ उलगडून पाहतो आणि ज्यांनी ते लावले नाही त्यांना शोधत निघतो. म्हणून पॅच आल्यानंतर तो लावेपर्यंतचे दिवस फार धोक्याचे असतात.

याचा मोठा दाखला 2017 सालचा आहे. विंडोजमधले एक मोठे भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्चला दिला. 12 मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्राम त्याच भोकातून जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवायला खंडणी मागितली. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचेही काही संगणक त्यात सापडले. औषध मात्र जवळजवळ दोन महिने आधीच आले होते, तेही फुकट.

त्यानंतर दीड महिन्याने, 27 जूनला, संकट महाराष्ट्राच्या दारात आले. 'नॉटपेट्या' नावाच्या प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पाडले. त्याच समूहाचे एक टर्मिनल रायगड जिल्ह्यात न्हावा-शेवा बंदरात आहे. तिथले काम ठप्प झाले. हा प्रोग्राम जुने भोक तर वापरतच होता, शिवाय संगणकातून पासवर्ड चोरून शेजारच्या संगणकात शिरत होता. त्यामुळे पॅच लावलेले संगणकही त्यात गेले. म्हणून पॅचच्या जोडीला कागदांची वेगळी प्रतही हवीच.

आता करायचे काय?

1. सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा आणि 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. मायक्रोसॉफ्टचे मुख्य पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हणून आठवडी बाजार लक्षात ठेवतो तसा त्याच्या दुसऱ्या दिवशीचा बुधवार लक्षात ठेवा.

2. मोबाइलच्या इंटरनेटवर संगणक चालवत असाल, तर डेटा वाचवण्यासाठी अपडेट थांबवून ठेवण्याची सोय असते. थांबवा, पण महिनोन्‌महिने विसरू नका. ज्या दिवशी डेटा शिल्लक असेल किंवा वाय-फाय मिळेल, त्या दिवशी आधी हे काम उरका.

3. अपडेट लागत असताना वीज जाऊ देऊ नका. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून घ्या. भारनियमनाची वेळ टाळून बसा.

4. अपडेट सेटिंग्जमधूनच घ्या. एखादे संकेतस्थळ पाहताना "तुमचा संगणक धोक्यात आहे, इथे दाबा" असे आले, तर दाबू नका. तोच चोर असतो.

5. विंडोजची चोरटी प्रत वापरू नका. ती चालू करणाऱ्या प्रोग्राममध्ये पुष्कळदा घातक माल लपवलेला असतो.

6. महत्त्वाच्या कागदांची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि काम झाले की तो काढून ठेवा. जोडलेला राहिला, तर त्यातल्या फायलीही जातात.

शेवटी जुन्या संगणकांविषयी. वस्त्यांवर येणारे संगणक बहुधा कुणीतरी वापरून दिलेले असतात. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण आधी आतली विंडोज कोणती ते पाहा. विंडोज 7 ला पॅच मिळणे 14 जानेवारी 2020 पासून बंद झाले. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला; वाढीव पॅचसाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ज्या यंत्रावर नवी विंडोज चालत नाही, ते भंगारात टाकण्याची घाई नको. त्यावर लिनक्स घालता येते. ती फुकट आहे आणि तिचे पॅचही फुकट मिळतात. एवढेही जमत नसेल, तर त्या संगणकाला इंटरनेट जोडू नका. टायपिंग शिकायला तो चांगला आहे. दुसऱ्याचे कागद ठेवायला नाही.

शेजारणीने विश्वासाने दिलेला दाखला आपण पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो. पावसात उघड्यावर टाकत नाही. संगणकातल्या दाखल्यालाही तोच न्याय लावायचा.

या तिमाहीचा अभ्यास: (अ) आपल्या संगणकात विंडोजची कोणती आवृत्ती आहे? (आ) शेवटचे अपडेट कोणत्या तारखेला लागले? (इ) त्यात स्वतःखेरीज आणखी किती घरांचे कागद आहेत? तिन्ही उत्तरे वहीत लिहा. तिसरे उत्तर लिहून झाले, की दुसरे पुन्हा एकदा वाचा.